न्यायमूर्तीपदाची वाट

प्रश्न : वकिलाला उच्च न्यायालयात न्यायाधीश व्हायचे तर अर्ज कुठे करायचा? परंपरावादी मते आड येतात का?

उत्तर : अर्ज नसतोच. राज्यघटनेच्या कलम 217 प्रमाणे उच्च न्यायालयात किमान 10 वर्षे वकिली हवी, पण ती नुसती पात्रता. नाव सुचवतात त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. मग राज्य सरकारचे मत, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम (सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचा निवड गट), शेवटी राष्ट्रपतींची सही. फाइल अनेकदा सरकारी टेबलावर अडते, तीही कारण न सांगता. बऱ्याचदा सुरुवात अतिरिक्त न्यायाधीश म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी होते.

दुसरी वाट जिल्हा न्यायालयातून. तिथे उशिरा शिरणाऱ्याची ज्येष्ठता यादीत पाळी येईपर्यंत निवृत्तीच गाठते.

मतांचे म्हणाल तर फेब्रुवारी 2023 मध्ये वकील व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयातील नेमणुकीला सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या पक्षीय पार्श्वभूमीवरून आव्हान दिले गेले. सुनावणी चालू असतानाच तिकडे मद्रासला शपथविधी उरकला! न्यायालय म्हणाले, पात्रता (कायद्याच्या अटी) तपासू, योग्यता (व्यक्ती त्या पदाला शोभते का) नाही. निकालात कायद्याचा शब्दार्थ आणि पूर्वनिवाडे घट्ट धरणे ही मात्र वेगळी गोष्ट. त्याला राजकारण चिकटवू नये.

निवृत्ती 62व्या वर्षी. कायम न्यायाधीशाला नंतर त्याच उच्च न्यायालयात वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात येते.