जुन्या ऑसिलोस्कोपचा स्विच बदलण्याआधी

तुझ्या जुन्या ऑसिलोस्कोपचा (विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) रोटरी स्विच, म्हणजे फिरवून रेंज बदलायचा स्विच, बिघडलाय आणि परभणीत बसून तसाच मिळेल का, असं विचारलंस. आधी सांग, स्विच खरंच गेलाय का? रोटरी स्विचचे बहुतेक दोष काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचे (एकमेकांना टेकून करंट जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून हलकेच ओढ. पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस, चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा एकदा गेला की गेलाच.

तरीही बदलायचाच असेल तर जुना स्विच काढण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो घे. मग पोल (एकाच वेळी बदलणारी वेगवेगळी सर्किट), पोझिशन (स्विच थांबतो त्या जागा) आणि शाफ्टची (नॉब बसतो त्या दांड्याची) जाडी मोज. ६ मिलिमीटर आणि पाव इंच (६.३५ मिलिमीटर) डोळ्यांना सारखेच दिसतात, पण नॉब बसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, पुढचा कॉन्टॅक्ट जोडल्यावर मागचा सुटतो की आधीच सुटतो, हे मल्टिमीटर लावून बघ. ऑसिलोस्कोपऐवजी सुईच्या मल्टिमीटरच्या करंट रेंजला असा आधीच सुटणारा स्विच बसवलास, तर रेंज बदलताना शंट (जास्तीचा करंट बाजूने वळवणारा रेझिस्टर) क्षणभर सुटून सगळा करंट सुई हलवणाऱ्या कॉइलमधून जाऊ शकतो.

नवा शोधण्यापेक्षा त्याच मॉडेलचं बंद पडलेलं यंत्र शोध. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या भंगारवाल्यांकडे चौकशी कर, पॉलिटेक्निकच्या लिलावांवर लक्ष ठेव. नाहीच जमलं तर देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जा आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार धुंडाळ. जुना स्विच मात्र सोबत ने.