मुस्तफा अजून घरी का आला नाही?

प्रश्न : शाळेत असताना सीताबर्डीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी रोज 'मुस्तफा' खेळायचो. आता मुलासाठी प्लेस्टेशन घेतलं, पण त्याच्या स्टोअरमध्ये हा गेम सापडत नाही. बाजारात हजारो गेम भरलेली स्टिक मिळते, ती घ्यावी का? शिवाय जे दोन जुने गेम विकत घेतले त्यांचं चित्र पसरट दिसतं आणि बटणही उशिरा लागतं.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ साली आर्केडसाठी, म्हणजे पार्लरमधल्या कॉइन टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला. पण या नावानेही तो तुम्हाला मिळणार नाही, कारण तो घरच्या कन्सोलवर कधी आलाच नाही.

माझ्या बाबांचं इतवारीत पार्लर होतं. गल्ल्यावर बसून कॉइन मोजायचं काम माझ्याकडे. हे तीन जॉयस्टिकचं मशीन दाराशीच होतं आणि शाळा सुटली की तिथे भांडण ठरलेलं : "मुस्तफा मी घेतो बे, तू जॅक घे!" जॅक, हॅना आणि मेससुद्धा होते, पण टोपीवाल्या मुस्तफाची धावत येऊन मारलेली लाथ पोरांना इतकी आवडायची की त्यांनी अख्ख्या गेमला त्याचंच नाव दिलं. तिसऱ्या लेव्हलला गाडी चालवायला मिळाली की मागे नुसती बघत उभी असलेली पोरंही ओरडायची.

अडचण हक्कांची आहे. गेम कॅपकॉमने बनवला, पण त्यातली जॅक-हॅनासारखी माणसं आणि त्यांचं जग मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकमधलं, आणि कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सच्या मोटारीचं. अशा गेमसाठी नव्याने परवानग्या घ्याव्या लागतात. २०१८ मध्ये कॅपकॉमने जुन्या मारामारीच्या गेमचा संच, 'बीट एम अप बंडल' काढलं. 'फायनल फाइट', 'कॅप्टन कमांडो', 'नाइट्स ऑफ द राउंड' धरून सात गेम. ती यादी मी तीनदा वाचली. मुस्तफा नव्हता.

तरी मी आशा सोडलेली नाही. 'द पनिशर' हाही कॅपकॉमचा १९९३ चाच मारामारीचा गेम, त्यातली पात्रं मार्व्हलची. तो २०२४ मध्ये 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'मध्ये आला. ३१ वर्षांनी का होईना, कागद जुळले.

स्टिक घेऊ नका. त्यातले गेम कोणाला न विचारता उतरवलेले असतात. ज्यांनी ते बनवले त्यांना त्यातून काहीच मिळत नाही. बाबा गेल्यावर मी आमच्या मशीनमधला, ज्यात गेम असतो तो बोर्ड काढून पाहिला. त्यावर कॅपकॉमचं नाव कुठेच नव्हतं. आम्ही वर्षानुवर्षं नकलेवर पोट भरलं, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांना ते माहीत नसावं. तुम्हाला आणि मला मात्र माहीत आहे.

आता चित्राचं. पार्लरमधली काचेची ट्यूब ४:३ आकाराची होती, तुमचा टीव्ही १६:९ आहे. गेमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ४:३ निवडा आणि बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्राचा प्रत्येक ठिपका नेमका चौकोनी दाखवणारा पर्याय मोहात पाडतो, पण कॅपकॉमच्या त्या बोर्डांचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं असायचं आणि ट्यूबवर ते आडवं आवळून दिसायचं. त्या पर्यायात माणसं जाडी दिसतात. स्कॅनलाइनचा, म्हणजे ट्यूबवरच्या बारीक आडव्या रेषांची नक्कल करणारा फिल्टर हलका ठेवून बघा. रंगांच्या कडा ट्यूबवर दिसायच्या तशा थोड्या विरघळतात.

बटण उशिरा लागतं ते बहुतेक टीव्हीमुळे. गेम सेकंदाला सुमारे ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. टीव्ही प्रत्येक चित्र आधी उजळ आणि गुळगुळीत करत बसतो, त्यात अशी कितीतरी चित्रं निघून जातात आणि तोवर समोरच्याचा ठोसा पडलेला असतो. टीव्हीच्या मेन्यूत 'गेम मोड' असेल, तो सुरू करा. सगळ्यात मोठा फरक यानेच पडेल.

मुस्तफा येईपर्यंत मुलाबरोबर त्या बंडलमधला 'कॅप्टन कमांडो' लावा. दुसरा कंट्रोलर मात्र लागेल, आणि कोणता गडी कोणी घ्यायचा ते पहिल्यांदा मुलाला ठरवू द्या.