‘सगळं अंग भरलंय’ वाटतं तेव्हा स्वतःच्या पंजानं मोजा

मलम लावूनही सोरायसिस जात नाही, म्हणजे तो आता अंगभर पसरणार का? नांदेडच्या एका रुग्णालयात त्वचारोग विभागात मी समुपदेशनाला बसते, तिथे हा प्रश्न सतत कानावर येतो. वसमतकडच्या सुनंदाबाई (नाव बदललं आहे) उत्तर मनाशी ठरवूनच आल्या होत्या. “सगळं अंग भरलंय बघा मॅडम. महिना झाला मलम लावायले, काहीच फरक पडंना.” सोबत सासूबाई होत्या. घरात सुनेचं ताट-तांब्या वेगळं, आणि लहान मुलीला तिच्याजवळ झोपू द्यायचं बंद.

ताट वेगळं करणाऱ्या सासूबाई होत्या, म्हणून आधी त्यांच्याशीच बोलले. सोरायसिस शिवल्यानं, उष्ट्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती बिघडते, त्वचेच्या पेशी फार वेगानं तयार होऊ लागतात, म्हणून लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण आईला आहे म्हणून लेकीला होईलच असं नाही. आणि लेकीला पुढेमागे झालाच, तर तो आईजवळ झोपल्यामुळे झालेला नसेल.

मग मोजायला घेतलं. बोटं जुळवून ठेवलेला आपला पंजा म्हणजे आपल्या अंगावरच्या कातडीचा साधारण एक टक्का; बारकाईनं पाहिलं तर थोडा कमीच. ज्याचं अंग त्याचाच पंजा धरायचा, लेकराचं अंग लेकराच्या पंजानं. सुनंदाबाईंनी स्वतःच हात ठेवत मोजलं. दोन्ही कोपरं मिळून एक, गुडघ्यांवर दीड, कंबरेवर दोन, नडगीवर अर्धा. “शंभरातले पाचच?” त्यांनी परत एकदा मोजून पाहिलं.

तीन टक्क्यांच्या आत सौम्य, तीन ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असतो. पाच म्हणजे मध्यम. “काही नाही हो, किरकोळ आहे” असं मी त्यांना म्हटलं नाही आणि कुणी म्हणूही नये. पण पंच्याण्णव टक्के कातडी निरोगी आहे, हेही तितकंच खरं होतं.

खरा उलगडा मलमाच्या हिशेबात झाला. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम मलम येतं, आणि ते दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. पाच पंजांना अडीच रेघा, म्हणजे सव्वा ग्रॅम. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा लावायला सांगितलं होतं, म्हणजे रोज अडीच ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांत संपायला हवी होती. सुनंदाबाईंनी ती महिनाभर पुरवली होती! महागाचं औषध म्हणून हळदीकुंकवाएवढं बोट टेकवत होत्या. औषध हरलं नव्हतं, ते अंगाला लागलंच नव्हतं.

हे वाचून कुणी मेडिकलमधून मिक्स मलम आणून फासू नये, ही माझी कळकळीची विनंती. त्यात बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. चेहऱ्यावर, जांघेत, काखेत त्यानं कातडी पातळ होते, आणि तो सोरायसिस नसून गजकर्ण असेल तर आणखीच चिघळतो. किती रेघा, किती दिवस, कधी कमी करायचं हे डॉक्टरच ठरवतील. सुनंदाबाईंना त्यांनी ट्यूबा वाढवून दिल्या. पुढच्या खेपेला पापुद्रे बरेच गेले होते आणि मुलगी परत आईजवळ झोपत होती.

मात्र पंजांचा आकडा सगळं सांगत नाही. त्याच सुमारास परभणीकडची एक मजूर बाई आली. चट्टे फक्त दोन्ही तळहातांवर, म्हणजे दोन टक्क्यांच्या आतच. पण भेगा इतक्या खोल की कापूस वेचता येईना, भाकरी थापता येईना. मजुरी बुडालेली. तळहात, तळपाय, डोकं, नखं, गुप्तांग इथे थोडा आजारही भारी धरतात. म्हणूनच डॉक्टर चट्ट्यांचं क्षेत्र पाहतात तसं झोप, काम, लाज, नातेसंबंध यांबद्दलही विचारतात. तेव्हा संकोच न करता खरं सांगावं. रक्त तपासून त्यांनी तिला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू केल्या. या आजारात ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून गावच्या आठवडी बाजाराचा दिवस आम्ही गोळीसाठी ठरवला आणि सोबत आलेल्या भावाकडून तो दोनदा म्हणवून घेतला.