इन्सुलीन, वायरीचं इन्सुलेशन आणि बांबूचं बेट

प्रश्न असा आला आहे: "वडिलांना नुकतंच इन्सुलिन सुरू झालं. मी वायरिंगची कामं करतो, म्हणून मनात आलं की इन्सुलिन आणि इन्सुलेशन यांचं काही नातं आहे, की नुसता नाद सारखा? शिवाय लिहायचं कसं? इन्सुलिन, इन्सुलीन की इन्शुलिन?"

नातं आहे, आणि अगदी जवळचं. लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणजे बेट. तांब्याच्या तारेवर रबर किंवा पीव्हीसी चढवलं की ती भोवतालापासून तुटते, बेटासारखी एकटी पडते, म्हणून इन्सुलेशन. भूगोलातला 'पेनिन्सुला'ही याच घरचा. त्यातला 'पेने' म्हणजे जवळजवळ. आपल्या 'द्वीपकल्पा'तलं 'कल्प'ही तेच सांगतं. मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा, तसं द्वीपकल्प म्हणजे बेटात जमा.

आता हे बेट पोटात कुठून आलं? १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी प्रबंधासाठी सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या दाटीत त्याला मधूनमधून फिकट, वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले. ते काय काम करतात हे कळत नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. माणसाच्या स्वादुपिंडात असे सुमारे दहा लाख पुंजके असतात, तरी सगळे मिळून त्या ग्रंथीचा जेमतेम एक-दोन टक्के भाग. १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच संशोधकाने त्यांना 'लांगरहान्सची बेटं' असं नाव दिलं. हा मान लांगरहान्सला जिवंतपणी बघायला मिळाला नाही. क्षयामुळे तो हवापालटासाठी मदेरा बेटावर जाऊन राहिला होता आणि १८८८ मध्ये तिथेच वारला. बेटांचा माणूस बेटावरच गेला.

इथे मराठीचं एक कौतुक सांगायलाच हवं. आपल्याकडे 'बेट' समुद्रातलं असतं तसं बांबूचंही असतं. कोकणात परसदारी बांबूचं बेट म्हणतात ते पाण्याने वेढलेलं नसतं. एका जागी दाट उगवलेला तो पुंजका. स्वादुपिंडातल्या त्या पेशींना मला तर समुद्रातल्या बेटापेक्षा बांबूचं बेटच जास्त शोभतं. पाठ्यपुस्तकांनी मात्र 'द्वीपके' असा सोवळ्यातला शब्द घेतला.

पण या शब्दाची खरी गंमत वेगळीच आहे. पदार्थ हाती लागायच्या आधीच त्याचं बारसं झालं होतं! १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. त्यानंतर संशय हळूहळू या बेटांवर येत गेला. तिथून काहीतरी रक्तात मिसळत असणार, एवढ्या तर्कावर बेल्जियमच्या ज्यां दे मेयर यांनी १९०९ मध्ये त्याला 'इन्सुलीन' म्हटलं. एडिनबरोच्या शार्पी-शेफर यांनी १९१६ मध्ये स्वतंत्रपणे तेच नाव सुचवलं. डब्यावर चिठ्ठी लागली, डबा रिकामाच. स्वादुपिंड वाटून अर्क काढावा, तर त्यातलेच पाचकरस हवा तो पदार्थ फस्त करायचे.

डबा भरला तो १९२१ मध्ये, टोरांटोत. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. वर्षाअखेरीस कॉलिप हे रसायनतज्ज्ञ येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं. अर्क अशुद्ध होता, गुण फारसा आला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला आणि साखर उतरली.

बँटिंग आणि बेस्ट त्याला 'आयलेटिन' म्हणत. मॅक्लाउड यांनी लॅटिन वळणाचं 'इन्सुलीन' पुढे केलं आणि मे १९२२ मध्ये वॉशिंग्टनला डॉक्टरांच्या सभेत तेच नाव जाहीर झालं. भाषेच्या नजरेतून पाहिलं तर ही दोन नावं वेगळी नाहीतच. 'आयलेट'मधला 'आइल' हा 'इन्सुला'चाच फ्रेंचमार्गे झिजत झिजत इंग्रजीत आलेला वंशज. म्हणजे आयलेटिन तद्भव आणि इन्सुलीन तत्सम! दूध आणि दुग्ध यांत असतो तेवढाच फरक. दवाखान्यात तत्सम जिंकावं यात आपल्याला तरी नवल वाटायला नको. तद्भव अगदीच वाया गेलं नाही म्हणा. एली लिली कंपनीने आपलं औषध 'आयलेटिन' याच नावाने बाजारात आणलं.

राहिला लेखनाचा प्रश्न. मुळात 'स' आहे, तेव्हा 'स'च लिहावा. 'इन्शुलिन' बहुधा 'इन्शुरन्स'च्या संगतीने बिघडलं असावं, पण छापील मराठीतही ते भेटतं, त्यामुळे कोणी तसं लिहिलं तर मी लाल पेन उचलणार नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल, तर मराठीत तत्सम सोडून अकारान्त शब्दाचा उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) इकार दीर्घ असतो: वकील, मशीन, तसं इन्सुलीन. (लॅटिनचं तत्सम आपल्याला तत्सम नाही, हे ओघाने आलंच.) आणि वकिलाला, मशिनीला, तसं सामान्यरूपात ऱ्हस्व: इन्सुलिनाचा डोस, इन्सुलिनाची बाटली. घरात कोणी 'इन्सुलिनाची' म्हणत नाही हे मान्य. "फ्रिजच्या दारातली इन्सुलीनची बाटली आण" हेच कानावर येतं, आणि परक्या शब्दाला मराठी असं थेट प्रत्यय लावतेच. दोन्ही चालतं. लिंग मात्र पक्कं नपुंसक: ते इन्सुलीन. तुम्ही लिहिलेलं 'सुरू झालं' अगदी बरोबर.