खो कुणी दिला?

अनेक आशीर्वाद.

मुलींचा खो-खोचा संघ तुझ्याकडे आल्याचं वाचून फार बरं वाटलं. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर ध्येय काय ठेवायचं, असं तू विचारलंयस.

माझ्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जिल्हा जिंकायचा'. तालुक्यालाच पहिल्या सामन्यात हरलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर चारच पोरी. बाकीच्यांच्या दृष्टीनं वर्ष संपलं होतं. त्यांचं काय चुकलं? जिंकणं समोरच्या संघावरही असतं आणि मी त्यांच्या हातात दुसरं काही दिलंच नव्हतं.

म्हणून आधी डावाच्या नऊ मिनिटांचा हिशेब त्यांच्यासमोर मांड. संरक्षणाला तिघी-तिघींची तुकडी उतरते. एकीमागून एक बाद होताना प्रत्येकीनं दीड मिनिट काढलं, तर तुकडी साडेचार मिनिटं टिकते. दोन तुकड्यांत डाव संपतो, समोरच्यांना सहाच गडी मिळतात. दीड मिनिट सगळ्यांना कळतं. आज पन्नास सेकंद पळणारी महिन्यानं सत्तरवर आली, की तिचं तिलाच दिसतं.

आक्रमणाचं मात्र अवघड आहे. आठ जणी बसलेल्या, एक धावणारी. तिला मागे वळता येत नाही, मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही. उलट्या तोंडानं बसलेल्या मैत्रिणीला वेळेवर खो देणं हाच तिचा मार्ग. पण गुणपत्रिकेत नाव लागतं ते गडी टिपणारीचं. मग प्रत्येकीला स्वतःच टिपायचं असतं, खो उशिरा पडतो आणि गडी निसटतो. तिसऱ्या वर्षी मी सरावाच्या वहीत एक रकाना वाढवला: गडी बाद झाला, तो खो कुणी दिला? इतक्या वर्षांत एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडलेला मी पाहिला नाही. सूर मारणाऱ्या पोरीइतक्याच खो देणाऱ्या पोरी संध्याकाळी वही बघायला येऊ लागल्या.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. तुझ्या पोरी तिचं नाव घेतील. घेऊ देत, ते स्वप्न त्यांचं आहे. वहीत तू दीड मिनिटच लिही.

नियम तू ठरवू नकोस, त्यांना बोलू दे. माझ्याकडे एक पोरगी रोज उशिरा यायची. सगळ्या बसून बोललो तेव्हा कळलं, डेअरीला दूध घालून ती धावत येत होती. सराव साडेपाचऐवजी सव्वासहाला ठेवला आणि मग 'उशीर नाही' हा नियम तिनंच सुचवला. त्या दिवशी मुलींनी माझ्यासाठीही एक अट घातली: चूक झाली तर सगळ्यांसमोर ओरडायचं नाही, डाव संपल्यावर बाजूला घेऊन सांगायचं. ती मी दोनदा मोडली. दोन्ही वेळा त्यांच्यासमोर उभी राहून माफी मागितली. तुझ्यासाठीही अशी एक अट मागून घे आणि बाकीच्यांच्या खाली त्याच कागदावर लिही.

पहिला सराव सामना झाला की खोच्या रकान्याचा फोटो पाठव. कुणाचं नाव जास्त वेळा येतं, ते मला बघायचंय.

तुझी,
बाई