१३ विजय, ४ पराभव आणि उणे ३ : व्हायकिंग्जचा २०२२चा हंगाम आकड्यांत कसा वाचायचा

तुम्ही विचारलंत की २०२२ साली एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जनी १७पैकी १३ सामने जिंकले, आपला विभाग (चार संघांचा गट) जिंकला, तरी आकडेवारीवाले त्यांना हंगामभर मध्यम संघच का म्हणत राहिले? आणि एखादा संघ खरोखर कसा खेळतोय हे आकड्यांतून बघायचं तर सुरुवात कुठून करायची? दोन्हींचं उत्तर एकाच हंगामात मिळतं. तो हंगाम मी आठवड्यामागून आठवडे जीव मुठीत धरून बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधी बेरीज करू. १३ विजयांतला फरक एकत्र केला तर ८६ गुण होतात. चार पराभवांतला फरक होतो ८९ : फिलाडेल्फियाकडून १७नी, डॅलसकडून घरच्या मैदानावर ४०-३ असा ३७नी, डेट्रॉइटकडून ११नी आणि ग्रीन बेकडून २४नी. म्हणजे वर्षभरात केले ४२४ गुण, दिले ४२७. तेरा सामने जिंकणाऱ्या संघाची गोळाबेरीज उणे ३! १३पैकी ११ विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांनी आलेले, आणि अशा चुरशीच्या सामन्यांत एकही पराभव नाही.

आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी बेसबॉलसाठी एक सूत्र काढलं होतं. केलेले आणि दिलेले गुण घालायचे की किती विजय अपेक्षित होते ते कळतं. आकडेतज्ज्ञ डॅरिल मोरे यांनी ते फुटबॉलला लावताना घातांक २.३७ घेतला. त्यात ४२४ आणि ४२७ घाला, उत्तर येतं सुमारे ८.४ विजय. उरलेले साडेचार विजय कुठून आले, हा खरा प्रश्न.

पण इथेच थांबू नका. गुणांचा फरकही फसवतो. डॅलसचा तो एक सामना काढला तर उणे ३चे अधिक ३४ होतात. एका वाईट दुपारने सगळ्या हंगामाचं चित्र बदलत असेल तर आणखी खाली, प्रत्येक प्लेपर्यंत (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल) उतरायला हवं. ईपीए लागतो तो इथे.

ईपीए (एक्स्पेक्टेड पॉइंट्स ॲडेड) म्हणजे एका प्लेने अपेक्षित गुणांत किती भर घातली. क्रिकेट बघणाऱ्याला हे समजायला अवघड नाही, कारण डकवर्थ-लुईसच्या मुळाशी हाच विचार आहे. तिथे धावफलक एकटा बघत नाहीत. किती षटकं शिल्लक आहेत आणि किती विकेट हातात आहेत यावरून डावाची किंमत ठरवतात. इथे षटकं-विकेटच्या जागी कितवा डाऊन (१० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांतली कितवी; चारांत जमलं नाही तर चेंडू समोरच्याकडे), किती यार्ड हवेत आणि चेंडू मैदानात कुठे आहे हे धरायचं. हजारो जुन्या प्ले बघून त्या परिस्थितीतून सरासरी किती गुण निघतात ते काढलेलं असतं. स्वतःच्या २५ यार्डवर पहिला डाऊन असेल तर एका गुणाच्या आसपास, प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनला खेटून असाल तर सहाच्या घरात, आणि स्वतःच्या एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा, चेंडू तिथे नेला की गुण) दारात असाल तर शून्याच्याही खाली, कारण तिथून पुढचे गुण बहुधा समोरचाच करतो. प्लेआधीची किंमत आणि प्लेनंतरची किंमत यांची वजाबाकी म्हणजे ईपीए. कल्पना जुनी आहे. १९७१ साली व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी यावर शोधनिबंध लिहिला, आणि कार्टर स्वतः सिनसिनाटी बेंगल्सचे क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) होते. खेळणाऱ्याच्याच डोक्यातून हे आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यार्ड मोजण्यात काय चुकतं ते एका प्लेवरून दाखवतो. १५ जानेवारी २०२३, प्लेऑफ, मिनियापोलिस, समोर न्यूयॉर्क जायंट्स. व्हायकिंग्ज ३१-२४ असे मागे, शेवटची दोनेक मिनिटं, चौथा डाऊन आणि हवेत ८ यार्ड. कर्क कझिन्सनी चेंडू टाकला टी. जे. हॉकिन्सनकडे, अवघा तीन यार्ड पुढे. हॉकिन्सनने झेलला, तिथेच पाडला गेला, हंगाम संपला. आता स्कोअरकार्ड बघा : पास पूर्ण, ३ यार्डांची कमाई. त्या सामन्यात कझिन्स ३९पैकी ३१ पास, २७३ यार्ड, २ टचडाऊन (एंड झोनमध्ये चेंडू पोचणं), इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेला पास) एकही नाही. कागदावर तर झकास सामना! आणि त्या ३१पैकी शेवटच्या पूर्ण पासने चेंडू जायंट्सच्या हवाली केला. ईपीए या प्लेला उणे गुण देतो, द्यायलाच हवेत. तिसऱ्या डाऊनला आठ हवे असताना काढलेले सात यार्ड आणि एक हवा असताना काढलेले दोन यार्ड यांतला फरकही त्याला कळतो.

आता त्या साडेचार विजयांकडे येऊ. २ ऑक्टोबरला लंडनमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध व्हायकिंग्ज २८-२५ पुढे होते. शेवटच्या क्षणी विल लट्झने ६१ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) डाव्या खांबाला लागला, आडव्या दांड्यावर आपटला आणि बाहेर पडला. २४ डिसेंबरला घरच्या मैदानावर जायंट्सविरुद्ध २४-२४ अशी बरोबरी, आणि ग्रेग जोसेफने शेवटच्या किकवर मारला तोही बरोबर ६१ यार्डांचा. तो आत गेला. अंतर तेच, दोन्ही सामने तीन गुणांनी व्हायकिंग्जचे. यातल्या पहिल्या किकवर त्यांच्या एकाही खेळाडूचा हात लागला नव्हता.

१३ नोव्हेंबरचा बफलोचा सामना तर मी कधी विसरणार नाही. २७-२३ पिछाडी, चौथा डाऊन, १८ यार्ड हवेत, आणि जस्टिन जेफरसनने एका हाताने बचावपटूच्या हातातून हिसकावून घेतलेला तो झेल. ते निखळ कौशल्य. त्याने त्या वर्षी १२८ झेल आणि १८०९ यार्ड केले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. पण त्या झेलाने सामना जिंकला नाही. व्हायकिंग्ज गोललाइनवर अडले, चेंडू बफलो बिल्सकडे, त्यांच्याच एंड झोनच्या तोंडाशी गेला. ४१ सेकंद उरलेले, बिल्सने फक्त चेंडू छातीशी धरून पुढे लोटायचं होतं. त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या हातून स्नॅपच (प्ले सुरू करताना मागे दिलेला चेंडू) सुटला, एंड झोनमध्ये एरिक केंड्रिक्सने त्यावर झेप घेतली, टचडाऊन. पुढे बरोबरी, जादा वेळ आणि पॅट्रिक पीटरसनच्या इंटरसेप्शनवर ३३-३० विजय.

प्रत्येक प्लेला एकच प्रश्न विचारायची सवय लावा : हे पुढच्या आठवड्यात पुन्हा घडेल का? जेफरसनचं मोकळं होणं घडेल. तो स्नॅप सुटणं घडणार नाही. जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हे दीर्घकाळात जवळजवळ नाणेफेकीसारखंच निघतं. चेंडू सोडवायला भाग पाडणं यात थोडं कौशल्य आहे, तो उचलणं यात फार नाही. म्हणून संघाचा अंदाज बांधताना फंबलच्या (हातातला चेंडू सुटलेल्या) प्ले वेगळ्या काढून ईपीए बघतात. चुरशीचे सामने जिंकण्याचंही तेच. ११ वेळा नाणं उडवून ११ वेळा छापा पडायची शक्यता २०४८त एक. प्रशिक्षक केव्हिन ओ'कॉनेल यांचं पहिलंच वर्ष होतं, शेवटच्या मिनिटांतली त्यांची शांत डोक्याची आखणी मला खरोखर आवडायची, त्याचा वाटा नक्कीच होता. पण ११-०चा नाही.

आणि बचाव! यार्ड देण्यात तो ३२ संघांत ३१वा होता. विजयांच्या आनंदात हे आपण सगळ्यांनीच डोळ्याआड केलं. हंगामानंतर बचावाचे प्रशिक्षक एड डोनाटेल यांना काढलं आणि ब्रायन फ्लोरेस आले, म्हणजे संघालाही तेच दिसत होतं. विश्लेषक ॲरन शॅट्झ यांचा डीव्हीओए हा निर्देशांक, जो प्रतिस्पर्धी किती तगडा होता तेही हिशेबात धरतो, व्हायकिंग्जना उणे दाखवत होता.

पुढच्याच वर्षी, २०२३मध्ये, पहिल्या पाच सामन्यांत चार हरले. फरक ३, ६, ४ आणि ७ गुणांचे. तेच कझिन्स, तोच जेफरसन, तेच मुख्य प्रशिक्षक. नंतर कझिन्सचा टाचेचा स्नायुबंध तुटला आणि हंगाम ७-१०वर संपला.

तुम्ही स्वतः करून बघणार असाल तर आर या संगणकभाषेसाठीचं एनएफएल-फास्ट-आर (nflfastR) हे मोफत पॅकेज घ्या. १९९९पासूनच्या प्ले त्यात आहेत आणि प्रत्येकीपुढे ईपीए लिहिलेला आहे. पहिल्यांदा आक्रमणाचा आणि बचावाचा दर प्लेमागे ईपीए काढा. मग जिंकण्याची शक्यता १० टक्क्यांच्या खाली किंवा ९०च्या वर असतानाच्या प्ले गाळा. निकाल लागल्यावर काढलेले यार्ड काही सांगत नाहीत. मग फक्त पहिला आणि दुसरा डाऊन बघा. तिसऱ्या डाऊनवर हंगाम फिरतात हे खरं, पण तिथले आकडे आठवड्यागणिक फार वरखाली होतात. पहिल्या दोन डाऊनवर चांगला खेळणारा संघ पुढेही चांगला खेळतो. सोबत सक्सेस रेट ठेवा, म्हणजे किती टक्के प्लेचा ईपीए शून्याच्या वर गेला. ईपीए चांगला आणि सक्सेस रेट कमी असेल तर संघ दोन-चार लांब प्लेंवर जगतोय असं समजा. एकेका सामन्याला साठ-सत्तर प्ले मिळतात, एवढ्यावर ठाम मत बनवू नका. निदान पाच-सहा सामने होऊ द्या.

तुलनेला २०२४चे व्हायकिंग्ज घ्या. सॅम डार्नल्ड क्वार्टरबॅक, फ्लोरेसचा बचाव, १४-३. केले ४३२, दिले ३३२, म्हणजे अधिक १००. मघाचंच सूत्र इथे सुमारे ११ विजय सांगतं. हा संघ खरोखर चांगला होता, आणि तरी प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात रॅम्सनी डार्नल्डला नऊ वेळा सॅक करून (पास टाकायच्या आधीच पाडून) २७-९ हरवलं. दोन्ही वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. २०२२चा डेटा उतरवलात की आधी तो बफलोचा सामना उघडा, केंड्रिक्सची प्ले वगळून व्हायकिंग्जचा ईपीए काढा आणि काय आकडा येतो ते इथे लिहा.