गावभागातील स्वस्त खोल्या घ्याव्यात का?

प्रश्न : मला कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरी मिळाली असून पत्नी व शाळकरी मुलीसह सांगलीत राहावयास यायचे आहे. दरमहा सात हजारांपर्यंत भाडे परवडेल. गावभागात तळमजल्यावरील दोन खोल्या साडेपाच हजारांना, तर विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरील तेवढ्याच खोल्या साडेसात हजारांना मिळत आहेत. गावभागातील मालक मात्र ‘करार कशाला, चिठ्ठी पुरे’ असे म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, जत

उत्तर : गावभाग वस्तीला उत्तम आहे; बाजारपेठ, गणपती मंदिर, शाळा सारे पायी अंतरावर आहे. परंतु सांगलीत तळमजल्याचे भाडे कमी सांगितले जाते, तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा, आणि तो नळाच्या नव्हे, कृष्णेच्या पाण्याचा. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. घर पाहताना मालकापेक्षा भिंतीकडे अधिक लक्ष द्यावे. खांद्याएवढ्या उंचीपर्यंतच रंग ताजा आहे का, दाराच्या चौकटीचे खालचे लाकूड फुगले आहे का, विजेचे बोर्ड हात वर करावा लागेल इतके उंच नेऊन बसवले आहेत का, हे पाहिले की बरेच उमगते. शेजारच्या किराणा दुकानदाराला ‘एकोणीसला पाणी कुठवर आले होते?’ असे विचारल्यास तो बहुधा हात लावूनच दाखवील. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी दूर असली तरी पावसाचे पाणी साचून राहते, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन्ही घरांच्या भाड्यातील फरक अकरा महिन्यांचा बावीस हजार होतो. फ्रिज, गाद्या, कपाट आणि मुलीची पुस्तके एकदा भिजली, तर तेवढ्या पैशांत ती परत येत नाहीत. शिवाय आपला कारखाना कुपवाडला असल्यामुळे विश्रामबागेहून रोजचे अंतरही कमी पडेल. आपल्या अंदाजापेक्षा पाचशे रुपये अधिक लागतात हे खरे, पण आमच्या मते विश्रामबागच घ्यावे आणि सात हजारांसाठी घासाघीस अवश्य करावी. वालचंद व विलिंग्डन महाविद्यालयांचे विद्यार्थी जून-जुलैत खोल्या शोधत फिरतात, तेव्हा मालक ऐकत नाहीत. त्याआधी बोलणे केलेले बरे.

चिठ्ठीचे म्हणाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे सौम्य शब्दांत सांगितल्यास मालक सहसा राजी होतात. करार ऑनलाइन नोंदवता येतो, त्याचा खर्च कोणी करायचा ते आधीच ठरवावे. अनामत रक्कम रोख न देता बँकेतून द्यावी, सबमीटर असल्यास विजेचा दर करारात लिहून घ्यावा आणि किल्ली हाती येईल त्याच दिवशी भिंती, नळ व मीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढून मालकाला मोबाइलवर पाठवून ठेवावीत.